नाल्याचं पाणी कुठे गेलं?

पहिली आले तर पुण्याचं शिबिर, दुसरी आले तर घर! शर्यत घेणाऱ्या केवळराम सरांनी नियम एका दमात सांगून टाकला होता. आमच्या विभागातून तेवीस वर्षांखालची एकच मुलगी राज्याच्या शिबिराला जाणार होती, आणि पुढच्या वर्षी मी त्या वयात बसणार नव्हते. मागच्या दोन्ही वर्षी मी दुसरी आले होते, दोन्ही वेळा नागपूरच्या रीताच्या मागे. तिच्या मागच्या चाकाने उडवलेला चिखल मी दोन वर्षं तोंडावर घेतला. यंदा तो तिने घ्यावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

शर्यत सायक्लोक्रॉसची. म्हणजे जिथे सायकल चालते तिथे चालवायची आणि जिथे चालत नाही तिथे खांद्यावर टाकून पळायचं. हे मी आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. पावसाळ्यात इथे कोण सायकल खांद्यावर घेत नाही? दहावीपासून मी मागे माशांची टोपली बांधून लाखनीच्या बाजाराला जायचे, तेव्हा निम्मा रस्ता सायकल माझ्यावर बसायची आणि निम्मा मी सायकलवर. त्याची शर्यत होते आणि त्यासाठी लोक नागपूरहून येतात, याचं आमच्या माणसांना अजूनही नवल वाटतं.

आमची टोली एकोडीच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. मासे धरणाऱ्या आम्हा ढिवरांची तीस-पस्तीस घरं. टेकडीच्या खांद्यावर मालगुजारांच्या काळातला जुना तलाव आहे आणि त्यात आमच्या मच्छीमार संस्थेचे मासे. तलाव भरला की जादा पाणी एका कोपऱ्यातल्या दगडी सांडव्यावरून उतरतं, नाला होऊन टोलीजवळून वाहतं आणि खालच्या धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे शेतांकडे, जातं. शर्यतीचा मार्ग हा नाला दोनदा ओलांडायचा. जाताना पाण्यातून, सायकल खांद्यावर घेऊन. येताना टेकडीच्या दुसऱ्या अंगाने उतरून, डांबरी रस्त्याच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून. अशा चार फेऱ्या.

आता माझी खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. मला एखादी गोष्ट कळली नाही की चैन पडत नाही. कोंबडी पावसात एका पायावर काहून उभी राहते, रेडिओ ढगाळ दिवशी काहून खरखरतो. लहानपणी आई वैतागून म्हणायची की या पोरीला प्रश्नांचा ताप भरतो. माझा मोठा भाऊ मिथुन मात्र उत्तरं द्यायचा. तो संस्थेचा मासेमार. पाण्याकडे बघून आत रोहू आहे की कतला, हे सांगणारा माणूस! शर्यतीत माझा मदतनीसही तोच. नाल्याच्या काठावर माझी दुसरी सायकल घेऊन तो उभा राहणार होता. एक सायकल चिखलाने जड झाली की ती त्याच्याकडे टाकायची, धुतलेली घ्यायची आणि पुढे पळायचं.

पोळा होऊन आठवडा झाला होता आणि तीन दिवसांची झड लागली होती. सकाळी नऊला शाळेच्या मैदानावर आम्ही चौदा मुली उभ्या होतो, तेव्हा समोरची टेकडी दिसत नव्हती. शर्यत पुढे ढकलतील असं दोन-तीन जणींना वाटत होतं. केवळराम सरांनी छत्री मिटली, शिट्टी तोंडात धरली आणि चिखल नसेल तर ही शर्यत नसून सहल असते, असं सांगून टाकलं.

शिट्टी वाजली!

पहिले दोनशे मीटर मैदान, मग बांध्यांचे धुरे. धुरा म्हणजे दोन वीत रुंदीचा मातीचा बांध, दोन्ही बाजूंना गुडघाभर धान, वर शेवाळ. माझ्यापुढच्या दोघी धानात गेल्या. मी उतरले, सायकल खांद्यावर घेतली, अनवाणी चालायची सवय असलेल्या माणसासारखी बोटं रोवत पळाले. नाल्याशी पोहोचले तेव्हा पुढे फक्त रीता होती. पाणी मांडीपर्यंत होतं आणि ओढ जबरदस्त. काठावर सगळी टोली गोळा झाली होती, कोण पडतं ते बघायला. मी पडले नाही. त्यांची थोडी निराशा झाली असावी.

नाल्यानंतर चढ. सागाच्या झाडांमधून गुरांच्या वाटेने वर, कुठे दगड, कुठे नुसतं लोणी झालेली लाल माती. वारा समोरून, पाऊस तिरपा, चेनमध्ये पानं अडकलेली. रीता ताकदीची होती. बसूनच चढायची, तालात, खांदे न हलवता. मी उठबस करत, उतरत, पळत, पुन्हा चढत तिच्यामागे. माथ्यावर पोहोचलो तेव्हा आम्हा दोघींच्या मागे कुणी दिसत नव्हतं. उतारावर मात्र मी तिला गाठलं, कारण त्या उतारावरचा एकेक दगड माझ्या ओळखीचा आहे आणि तिच्या नाही!

दुसऱ्या फेरीत आम्ही नाल्यात एकदमच उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं.

मी सायकल बदलली आणि पळाले. पण डोक्यात काहीतरी अडकलं. पाऊस वाढला होता, माथ्यावर तर डोळे उघडवत नव्हते. मग पाणी कमी कसं? चढावर मी स्वतःला दटावलं की तू आता शर्यतीत आहेस, पाटबंधारे खात्यात नाहीस. दटावलेलं थोडा वेळ टिकलं. माथ्याच्या आधीच्या वळणावर रीताचा पाय घसरला, मी शेजारून निघाले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे कुणीच नव्हतं. काय सांगू कसं वाटलं! मी पावसात एकटीच मोठ्याने हसले.

तिसऱ्या फेरीत नाल्याशी आले तेव्हा रीता बावीस सेकंद मागे होती. काठावरच्या पोरांनी मोजून ओरडून सांगितलं. आणि पाणी घोट्याशी होतं. मिथुनदादा चिखलाची सायकल धुवायला बादली नाल्यात दाबत होता आणि बादली बुडत नव्हती, तळाला खडखडत होती.

मी विचारलं, पाणी कुठे गेलं?

"पाणी गेलं उडत. तू पायडल मार," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. सायकल हातात दिली आणि पाठीत धक्का दिला.

हीच ती गोष्ट, जी मला अजून नवलाची वाटते. पाण्याकडे बघून मासा ओळखणारा माणूस, आणि त्या दिवशी पायाखालचं पाणी त्याला दिसलं नाही. त्याला फक्त बावीस सेकंद दिसत होते.

मी चढाला लागले. पायडल मारत होते आणि मोजत होते. मांडी, गुडघा, घोटा. मांडी, गुडघा, घोटा. पाऊस वाढतोय. नाल्याला पाणी तलावातून येतं. तलाव तर परवाच भरला आहे. मग जादा पाणी सांडव्यावरून उतरत नसेल, तर आहे कुठे?

चढाच्या मध्यावर एक वळण आहे. तिथून बांबूच्या बेटाआड पन्नास पावलांवर तलाव. नियम असा की मार्ग सोडला तर जिथून सोडला तिथूनच परत यायचं, नाहीतर बाद. पन्नास पावलं जायला, पन्नास यायला. मनात हिशेब केला. जास्तीत जास्त अर्धं मिनिट जाईल, ते उतारावर भरून काढू. नुसतं एकदा बघायचं!

मी सायकल टाकली आणि बांबूत घुसले.

तलाव माझ्या पायाशी आला होता. एरवी पाणी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, दोन हात खाली असतं. आता ते काठोकाठ होतं. पाळीच्या मधोमध, गुरं चढून-उतरून खोलगट झालेली एक जागा आहे, तिथून पाण्याची एक जीभ पलीकडे उतरायला लागली होती आणि पाळीची माती सोबत नेत होती. सांडव्यावर मात्र शुकशुकाट. मासे पाण्याबरोबर निघून जाऊ नयेत म्हणून आम्ही ढिवर पावसाळ्यात सांडव्याच्या तोंडाशी बांबूची ताटी लावतो. ताटीच्या फटींतून पाणी जातं, मासे राहतात. ती सांभाळायचं काम मिथुनदादाचं. पण या ताटीच्या मागे सागाची पानं, काटक्या, गवत यांची भिंत चढली होती. आणि पानांच्या मध्ये निळं काहीतरी दिसत होतं. मच्छरदाणी!

मला सगळं एका क्षणात कळलं. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पाळ राहत नाही. पाळ गेली तर अख्खा तलाव त्या नाल्यात उतरेल, आणि नाल्यात या वेळी सायकली खांद्यावर घेतलेल्या मुली होत्या आणि काठावर माझी सगळी टोली.

मी ताटी ओढून पाहिली. हलली नाही. हलली नाही हे बरंच झालं, कारण ती निघाली असती तर साठलेलं पाणी धाडकन खालच्या लोकांवरच गेलं असतं. आधी लोक बाहेर, मग ताटी.

मागून वळणावर सायकलचा आवाज आला. रीता निघून गेली.

वळणावर परत येऊन मी सायकल उचलली. उजवीकडे वर रीता दिसत होती, फार तर दहा सेकंद पुढे. ती माझ्या हातात होती, खोटं कशाला सांगू! डावीकडे खाली नाला. उलट दिशेने सायकल चालवली की सरळ बाद, तिथे अर्धं मिनिट वगैरे काही नसतं. मी रीताच्या पाठीकडे बघितलं आणि रागाने मला रडू आलं. मग डावीकडे वळले.

तो उतार मी कसा उतरले ते मला आठवत नाही. तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या मुली समोरून येत होत्या, मी ओरडत होते, त्या शिव्या देत होत्या. नाल्याच्या मधोमध जाऊन मी सायकल आडवी टाकली आणि तिच्यावर बसले. आता कुणी ओलांडूनच दाखवावं!

केवळराम सर धावत आले. माझं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. मी भावाकडे बघितलं.

"दादा, ताटीले मच्छरदाणी काहून लावली?"

मिथुनदादाने खाली पाण्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. त्याच्या हातातली सायकल खाली पडली.

त्याने सरांना दोन वाक्यांत सांगितलं. सर म्हातारे असतील, पण शिट्टी अशी वाजवली की काठावरची टोली अर्ध्या मिनिटात शाळेच्या बाजूला चढली. रपट्यावर रीताला आणि पुढच्या मुलींना अडवायला त्यांनी एकाला मोटरसायकलवर पिटाळलं, आणि टोलीतल्या माणसांना दोर आणि कुदळी घेऊन वर यायला सांगितलं. त्यांची वाट बघण्यात अर्थ नव्हता. दादाने कुणाच्या तरी हातातला विळा घेतला, धुतलेल्या सायकलवर बसला, मी माझ्या सायकलवर. आणि मी तोच चढ पुन्हा चढले!

दादाला सायकल चढवायची सवय नाही. तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा उठताना तो धापा टाकत बोलायला लागला, मी विचारलंही नव्हतं. यंदाची बोटुकली, माशांची पिल्लं, बारीक होती, फटीतून निसटत होती. रोज तो संध्याकाळी येऊन ताटी झाडून जायचा. पण आज दिवसभर त्याला यायला जमणार नव्हतं.

"तुया शर्यतीत दिवसभर खाली उभा राहीन मनलं," तो म्हणाला. "म्हणून मच्छरदाणी लावली. दोर डबल बांधला. मासे जाऊ नये, अन् मले तुले सोडून वर यावं लागू नये."

मी त्याची सायकल उभी केली आणि पुढे निघाले.

पाळीवरची जीभ आता हातभर रुंद झाली होती. सांडव्याच्या या काठाला अर्जुनाचं झाड आणि एक मोठा दगड. झाडाला दादाच्या कालच्या नायलॉनच्या दोराचा उरलेला गुंडाळा लटकत होता. मी माझी सायकल झाड आणि दगड यांच्यामध्ये आडवी ठोकून बसवली, दोराचं एक टोक तिच्या फ्रेमला, दुसरं दादाच्या कमरेला. तो विळा दातात धरून पाण्यात उतरला. छातीपर्यंत. गळ्यापर्यंत. ताटीला धरून एकेक पाऊल पलीकडच्या काठाकडे, कारण गाठी तिकडे होत्या.

पहिली गाठ कापली. काही झालं नाही.

दुसरी. ताटी कुरकुरली.

तिसरी गाठ पाण्याखाली होती. तो बुडाला. मी मोजत होते. दहा. पंधरा. वीस. पाऊस तलावावर वाजत होता आणि मला दुसरं काहीही ऐकू येत नव्हतं. पंचवीस!

धाड! ताटी दारासारखी उघडली. पानांची ती भिंत एका दमात गेली आणि तिच्यामागे पाणी, तांबडं, गर्जत, आणि पाण्यात माझा भाऊ! दोर ताणला. सायकल झाडाच्या सालीत रुतली, कर्रर्र वाजली, तिचा पुढचा चिमटा मुडपला. मी दोरावर पालथी पडले, दोन्ही टाचा दगडाला लावल्या आणि ओढलं. ओढलं. तळहाताची कातडी गेली. दादाचा एक हात वर आला, त्याने सांडव्याच्या भिंतीचा दगड पकडला, मग दुसरा हात. मग तो काठावर आला आणि पोटभर तलाव ओकला.

आम्ही दोघं तिथेच पडून राहिलो. बऱ्याच वेळाने मी मान वळवून पाळीकडे बघितलं. पाण्याची जीभ आत ओढली गेली होती. मागे वीतभर खोल चर उरला होता.

संस्थेचे अध्यक्ष धनीरामकाका दोर-कुदळी घेतलेल्या माणसांसोबत वर आले. निम्मी बोटुकली वाहून गेली म्हणून त्यांनी आल्या आल्या दादाला झाडायला सुरुवात केली. मग त्यांची नजर त्या चराकडे गेली आणि ते मध्येच थांबले, खाली बसले, चरात हात घालून पाहत राहिले. खाली बांध्यांमध्ये पोरं परकराने आणि टोपल्यांनी मासे धरत होती. त्या दिवशी टोलीत कुणी भाजी केली नाही.

दुपारी मैदानावर निकाल लागला. शर्यत थांबली तेव्हा जी पुढे, ती पहिली. रीता. माझ्या नावापुढे सरांनी 'बाद' लिहिलं. नियमाची वही त्यांनी दोनदा उघडून बघितली, सापडलं नाही काही. मला सांगताना ते जमिनीकडे बघत होते. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, कुणीतरी नारळही दिला. मला तो नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता. मी घरी गेले, पांघरूण ओढलं आणि रडले. लोक वाचले याचा आनंद होता, खरंच होता. पण पुणे गेलं होतं, आणि त्याच्या वर एक प्रश्न डोक्यात घुसला होता. मी वळले नसते, तर जिंकले असते का?

त्या प्रश्नाने मला तीन रात्री झोपू दिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि दारात एक टेम्पो थांबला. त्यातून रीता उतरली. सोबत तिच्या दोन सायकली.

रीता माझ्याशी कधी चार शब्द बोलली नव्हती. आईने चहा दिला तो तिने उभ्यानेच घेतला. तिने सांगितलं की रपट्यावर तिला अडवलं तेव्हा तिला हा डाव वाटला होता. मग तिने पाणी येताना बघितलं. शिबिराला ती जाणार आहे, जागा सोडणार नाही, तिलाही ती एकदाच मिळते. पण वळणापर्यंत मी पुढे होते हे तिला ठाऊक आहे, आणि पुढे काय झालं असतं हे तिलाही कळलेलं नाही. तिलाही झोप नाही. तुझी चांगली सायकल मोडली म्हणून मी माझी दुसरी आणली, ती म्हणाली. दोन्ही सारख्या आहेत, हवी ती घे.

मी केवळराम सरांना फोन लावला.

तासाभराने आम्ही चढाच्या त्या वळणावर होतो. मैदानावर सर घड्याळ धरून बसले होते. वळणावर मिथुनदादा मोबाइल हातात घेऊन. आधी मी निघायचं, बावीस सेकंदांनी रीता, आणि राहिलेली साधारण दीड फेरीची शर्यत पुरी करायची. बावीसचा आकडा रीताने स्वतः सांगितला. मी वीस म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण ती बावीसवरून हटली नाही.

मी निघाले. पाऊस नव्हता, काठावर कुणी नव्हतं, बक्षीस नव्हतं. आणि देवाशपथ, तशी मी कधीच चालवली नाही! माथ्यावर मागे वळून बघितलं, ती झाडांमध्ये दिसत होती. उतारावर मी अंतर वाढवलं, सपाटीवर तिने कमी केलं. धुऱ्यांवर मी पळाले. नाल्यात पाणी मांडीपर्यंत होतं, थंडगार, ओढीचं, आणि मी त्यात सायकल डोक्यावर धरून गेले. शेवटच्या चढावर तिचा श्वास मला ऐकू यायला लागला. मी मागे बघितलं नाही. माथा. उतार. रपटा. मैदान. पाय माझे राहिले नव्हते. तिच्या चाकाचा आवाज मागे किती जवळ आला होता, मला अजून सांगता येणार नाही. मी रेषेवरून गेले आणि सायकलसकट आडवी झाले.

सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. चार सेकंद. मी पुढे.

रीता गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. मग ती आली, हात पुढे केला, मला उभं केलं आणि म्हणाली, "पुण्यात कोणी विचारलं, तर मी सांगीन, मी दुसरी होती." मग तिने दोन्ही सायकली टेम्पोत चढवल्या आणि ती गेली.

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी धीर धरला. मग मैदानाच्या मधोमध बसून, सरांसमोर, मोठ्याने रडले. दादा धावत खाली आला होता. त्याला वाटलं मी हरले. सरांनी त्याला खुणेनेच आकडा सांगितला, तेव्हा तो माझ्याशेजारी चिखलात बसला.

"आता झालं समाधान?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आता तं आणखी वाईट वाटून राहिलं. पण कळलं ना, दादा."